निरंक

पंचवीस वर्षं मी एकच शब्द लिहिला.
दर महिन्याच्या पाच तारखेला,
सात रस्त्याजवळच्या ऑफिसात,
पंख्याखाली उडणारा कागद कोपराने दाबून:
पकडलेले उंदीर सदतीस.
पिसवा एकोणीस.
प्लेगबाबत संशयित: निरंक.

पदाचं नाव कीटक समाहारक.
स्थळं बघताना वडील नुसतं 'आरोग्य खात्यात' म्हणायचे.
पुढचं मी सांगायची, पोहे संपल्यावर.
मेलेल्या उंदराच्या अंगावरून फणी फिरवते, उलट्या केसांनी,
पांढऱ्या ट्रेमध्ये पिसवा पडतात, त्या मोजते.
दोन स्थळं तेवढ्यावर उठून गेली.
तिसरा, मल्लेशम, टॉवेलच्या मागावरचा,
म्हणाला, आम्हीबी दिवसभर धागेच मोजतो की ओ.

यल्लाप्पा धोत्रे पहार घेऊन पुढे,
मी डबा घेऊन मागे.
कारंब्याच्या पुढच्या माळावर
सकाळी सातला कुसळं साडीच्या काठाला धरून चालतात.
बिळाच्या तोंडाशी तो उकिडवा बसतो,
चिमूटभर माती नाकाशी नेतो.
"ह्यो घरातला न्हाई, म्याडम. रानचा हाय.
ह्याच्या घराला दोन दारं.
एक आपल्याला दिसतंय, एक त्यालाच म्हाईत."
त्याच्या लहानपणी हेच संध्याकाळचं कालवण होतं.
आता तो पगारपत्रकावर रोजंदारी मजूर.
हातमोजे मी दरवेळी देते.
तो दरवेळी घडी करून खिशात ठेवतो.

रानउंदीर देखणा असतो.
याला अहवालात रकाना नाही.
पाठ कडब्याच्या रंगाची, पोट पांढरं,
शेपटाच्या टोकाला काळा गोंडा,
आणि डोळे एवढे मोठे
की क्लोरोफॉर्मच्या बरणीआधी
त्यात मी दिसते. बारकी. वाकडी.

मग रक्त, चिठ्ठी, बर्फाचा डबा,
रात्रीची गाडी, बेंगळुरू.
तिकडूनही तोच शब्द यायचा, इंग्रजीत टाईप केलेला.

नमुना क्रमांक एकशे चौदाचं उत्तर मात्र दोन ओळींचं आलं.
प्रतिपिंडं आढळली.
म्हणजे रोग येऊन गेला होता
आणि हा त्यातून उठला होता.

गड्ड्याच्या यात्रेत तेव्हा पाळणे फिरत होते.
शहरात कुणाला ताप नव्हता, कुणाच्या काखेत गाठ नव्हती.
आणि माळाखाली, हातभर खोल,
एक साथ आली होती,
कितीजण गेले, कुणी मोजलं नाही
(मोजणारी मीच, आणि मी वर उभी होते),
साठवलेली कणसं तशीच राहिली,
आणि संपलीही.

मल्लेशमच्या पणजोबांच्या वेळी
'उंदीर पडला' एवढंच कुणी ओरडायचं
की मागावर अर्धं लुगडं सोडून
माणसं गावाबाहेर झोपड्या बांधायची.
रात्री मी त्याला म्हटलं,
इथं उंदीर पडला नाहीये. उभा आहे.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग उठून ज्वारीच्या कोठीवर पाटा ठेवून आला.

वरून आदेश आला: फेरनमुने घ्यावेत.
गेलो तर माळावर चुन्याच्या रेघा.
प्लॉट नंबर एक ते ब्याण्णव, बँक कर्जाची सोय,
जेसीबीचे दात जमिनीवर ताजे.
यल्लाप्पा शोधत फिरला,
एका ठिकाणी पहारेचं टोक टेकवलं.
"दार बुजलंय."
दुसरं?
त्याने मान वळवली.
रस्त्यापलीकडे पत्र्याचं धान्याचं गोदाम,
पुढे दोन बायका अंगण झाडत होत्या,
एक पोरगं अनवाणी.
तो बोलला नाही.
खिशातून हातमोजे काढले,
घडी मोडली,
आणि घातले.

पिंजरे लावले तीस.
भजी सगळी तशीच, वर मुंग्या.
पाच तारखेला कागद कोपराखाली घेतला.
पकडलेले उंदीर शून्य.
पुढचा शब्द हाताला सवयीने आलाच होता.
पण शून्य आणि निरंक एकच का,
हे पंचवीस वर्षांत पहिल्यांदा
मला ठरवता येईना.